बाईचा संशय आणि बाईचा आजार

(कौटुंबिक सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



'वेडी' हा शब्द आपल्यापैकी प्रत्येकीने केंद्रात बसून ऐकलेला आहे. नवऱ्याला पत्र गेलं की तो येतो आणि बसायच्या आधीच सांगतो, "ताई, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिचं काय ऐकता?" मारहाण, हुंडा, बाहेरचे संबंध, घरातून हाकलून देणं, या सगळ्यावर पांघरूण घालायला हा एक शब्द पुरतो. म्हणून आपण फार पूर्वीच ठरवलं, की बाई जे सांगते त्यावर आधी विश्वास ठेवायचा. ते योग्यच होतं. आजही योग्य आहे.

पण कधी तरी एखादी बाई येते आणि सांगते, की शेजारचे लोक भिंतीतून माझ्या अंगात वीज सोडतात, टीव्हीवरची बातम्या देणारी बाई माझंच नाव घेते, सासूने पोलिसांना पैसे देऊन माझ्या मागावर माणसं लावलीत. इथे आपण अडखळतो. काहीजणी म्हणतात, हिला आजारी म्हटलं तर आपण नवऱ्याच्याच बाजूने बोललो असं होईल. काहीजणी म्हणतात, ही केस आपली नाही, डॉक्टरकडे पाठवा. फाइल बंद होते. दोन्ही वेळा ती बाई एकटी पडते. आज मला या अडचणीबद्दल बोलायचं आहे.

मी बोलते आहे ती दोन नात्यांनी. केंद्राचं काम मी वीसहून जास्त वर्षं करते आहे. आणि माझ्या मोठ्या बहिणीला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. ती आता साठीला आली. आजार सुरू झाला तेव्हा ती तीस वर्षांची होती, नोकरी करत होती. तिच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते तिला विचारून सांगणार आहे. काय सांगायचं आणि काय नाही, ते तिने ठरवलं आहे.

आजार म्हणजे काय

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. या शब्दामुळे आणि सिनेमांमुळे पुष्कळांना वाटतं की एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. विचार, भावना आणि बाहेरच्या जगाचा अनुभव यांचा मेळ बिघडतो, असा त्याचा अर्थ. त्यात संशय आणि आवाज ठळक असले की त्याला 'पॅरानॉइड' म्हणायची पद्धत होती. आता २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे पोटप्रकार काढून टाकले आहेत, कारण एकाच माणसाची लक्षणं काळानुसार बदलतात. पण जुन्या कागदांवर आणि बोलण्यात हे नाव सापडतं, म्हणून आपल्याला ते माहीत हवं.

दोन शब्द नीट समजून घेऊ. भास आणि भ्रम. कोणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. ते आवाज बहुतेकदा शिव्या देतात, टोमणे मारतात, तिच्या प्रत्येक हालचालीवर बोलतात, कधी हुकूम सोडतात. भ्रम म्हणजे पुराव्याने न हलणारी खात्री. कोणी तरी मला मारणार आहे, माझे विचार लोकांना ऐकू जातात, अन्नात विष आहे. माझी बहीण म्हणते, "लोक म्हणतात तुला वाटत होतं. मला वाटत नव्हतं. तुला समोरची भिंत दिसते तसं मला ते दिसत होतं." हे वाक्य मी प्रत्येक शिबिरात सांगते. आजारी माणूस कल्पना करत नसतो, नाटक तर मुळीच करत नसतो.

या ठळक लक्षणांच्या जोडीला काही मुकी लक्षणंही असतात. बोलणं कमी होतं, अंघोळ-वेणीफणी सुटते, कशात रस राहत नाही. घरचे म्हणतात आळशी झाली, कामचुकार झाली. सुनेच्या बाबतीत तर हे फारच लवकर म्हटलं जातं.

हा आजार दुर्मिळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत स्किझोफ्रेनिया आणि त्याच गटातले आजार आयुष्यात कधी तरी झालेल्या प्रौढांचं प्रमाण शंभरात साधारण १.४ इतकं आलं. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या सुरुवातीला दिसतो. बायकांमध्ये काही वर्षं उशिरा, आणि पाळी जाण्याच्या सुमाराला पुन्हा काहीजणींमध्ये पहिल्यांदा दिसतो. म्हणजे आपल्याकडे बाईचा आजार बहुतेकदा लग्नानंतर उघडा पडतो, आणि मग सासरचे म्हणतात, "माहेरच्यांनी लपवून गळ्यात बांधली." पुष्कळदा माहेरच्यांना काही माहीतच नसतं.

कशाने होतो? एक कारण नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण जुळ्या बहिणींतही, अगदी एकसारख्या जुळ्यांतही, एकीला झाला म्हणून दुसरीला होतोच असं नाही. मेंदूतल्या रसायनांचा वाटा आहे. लहानपणचे अत्याचार, गांजाचं व्यसन, उपरेपण, सततचा ताण यांनी धोका वाढतो. एकेकाळी मानसशास्त्रातच असं मांडलं गेलं होतं की आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो. ते मत केव्हाच मागे पडलं, पण आपल्याकडच्या आयांच्या मनातून ते गेलेलं नाही. आणि करणी, भूतबाधा, मागच्या जन्मीचं पाप यांचा तर काडीचाही संबंध नाही.

संशय खरा की आजारातला?

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाई आली. वय बत्तीस, दोन मुलं. म्हणाली, "ताई, नवरा माझ्या डाळीत काहीतरी कालवतो. मला मारायचा बेत आहे." बोलता बोलता हेही म्हणाली, की बस स्टॉपवरचे लोक माझ्याबद्दल खुणा करतात आणि रात्री छतावरून दोन बायका बोलतात. आमच्यातली एक म्हणाली, हा आजारच आहे. दुसरी म्हणाली, विषप्रयोगाची तक्रार आहे, पोलिसांत जाऊ. आम्ही घरी गेलो. नवऱ्याशी वेगळं बोललो. तो घाबरलेला होता, मारकुटा नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "अहो ताई, मी एकटाच डॉक्टरकडे जाऊन गोळ्या आणल्या. ती घेत नाही, म्हणून कुटून डाळीत टाकतो."

म्हणजे तिला आजार होता, आणि तिच्या डाळीत खरोखरच काहीतरी कालवलं जात होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत ठेवली आहे. दोन प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर लिहायचे. पहिला, ही बाई धोक्यात आहे का? दुसरा, ही बाई आजारी आहे का? एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढायचं नाही. आजारी बाईलाही नवरा मारतो. उलट तिला मारणं सोपं असतं, कारण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तिच्या नावाची जमीन, तिचं स्त्रीधन, तिचा पगार काढून घेणं सोपं असतं. म्हणून आजार दिसला तरी मारहाणीची, पैशाची, जमिनीची चौकशी करायचीच. आणि छळ सिद्ध झाला तरी झोप, जेवण, भास यांबद्दल विचारायचंच.

आजाराची शंका कधी घ्यायची? संशयाचं वर्तुळ वाढत जातं तेव्हा. आधी सासू, मग शेजारी, मग बस कंडक्टर, मग टीव्ही. सांगितलेली गोष्ट जगात घडू शकेल अशी नसते तेव्हा. आठवडेच्या आठवडे झोप नसते, एकटीच बोलते, जेवणं सोडते, नेहमीची कामं जमेनाशी होतात तेव्हा. एखाद्या वागण्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणि अशी शंका आली तर डॉक्टरांकडून शरीराची तपासणीही व्हायला हवी. थायरॉइड, मेंदूतला संसर्ग, फेपरं, नशा यांतही अशी लक्षणं दिसतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एकाएकी असं झालं तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

बोलायचं कसं

घरचे दोनच गोष्टी करतात. वाद घालतात, नाहीतर हो ला हो करतात. "कोण आहे छतावर? दाखव मला!" म्हणून काही होत नाही. तिची खात्री पक्की होते की तुम्हीही त्यांच्यातलेच. आणि "हो, हो, आम्ही त्यांना हाकललं" म्हटलं तर भ्रमाला आपण साक्षीदार झालो. त्याऐवजी खरं बोलावं. "मला ते आवाज ऐकू येत नाहीत. पण तुला ऐकू येतात आणि तू घाबरली आहेस, हे मला दिसतंय. रात्री झोप लागावी म्हणून काय करू या?" भीतीशी बोलायचं. उपचाराचा रस्ताही पुष्कळदा झोपेपासून सुरू होतो. 'तुला वेड लागलंय, डॉक्टरकडे चल' याला ती नकार देईल. 'तुला झोप नाही, त्यासाठी चल' याला कदाचित होकार देईल, आणि हे खोटंही नाही.

औषध लपवून देऊ नका. घरचे थकलेले असतात, मला कळतं. पण जिचा आजारच 'अन्नात विष आहे' असं सांगतो, तिच्या अन्नात आपण काही कालवलं आणि ते तिला कळलं, तर पुढे कोणाच्याही हातचं ती का खाईल? त्या डाळीवाल्या बाईला आम्ही नवऱ्यासमोर खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." बराच वेळ रडली. पुढचे दोन महिने ती स्वतःचं जेवण स्वतः करत होती. मग आमच्याबरोबर दवाखान्यात आली, आणि गोळ्यांची बंद पट्टी स्वतः फोडून स्वतःच्या हाताने घ्यायची, या अटीवर औषध सुरू झालं. छतावरचे आवाज कमी झाले. नवऱ्यावरचा राग काही वर्षं गेला नाही, आणि त्यात आजारपणाचं काही नव्हतं.

औषधं आणि बाईचं शरीर

औषधांनी या आजारात खरोखर फरक पडतो. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते. आवाज आणि संशय ओसरायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. रोज गोळी जमत नसेल तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नाही तर क्लोझापिन नावाचं औषध आहे. त्याला नियमित रक्त तपासावं लागतं, पण पुष्कळांचं आयुष्य त्याने सावरलं आहे.

पण औषधांचे त्रासही असतात, आणि बायकांचे त्रास तपासणीत विचारलेच जात नाहीत. हात थरथरणं, अंग ताठणं, एका जागी बसवेनासं होणं, वजन आणि साखर वाढणं. काही गोळ्यांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. मग पाळी थांबते, कधी छातीतून दूध येतं. बाई सांगते की मला दिवस गेलेत, आणि घरचे म्हणतात, बघा, पुन्हा वेडेपणा सुरू. तिच्या शरीरात खरंच बदल झालेला असतो! माझ्या बहिणीची पाळी अशीच आठ महिने बंद होती. तिने औषध सोडलं ते त्यामुळे, आणि हे कारण तिला कोणी विचारलं नव्हतं. गोळी बदलली, पाळी सुरू झाली, औषधही सुरू राहिलं. म्हणून 'ती औषध घेत नाही' अशी तक्रार आली की आधी विचारा, का घेत नाही? गरोदर राहायचं असेल किंवा दिवस गेले असतील, तर गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

पुढे काय होतं? काहीजणी एका झटक्यानंतर पूर्ण बऱ्या होतात. काहींना अधूनमधून त्रास होतो. काहींचा आजार लांबतो. माझ्या बहिणीचे आवाज पूर्ण गेलेले नाहीत. ती म्हणते, "आता ते बोलतात आणि मी भाजी निवडते." आत्महत्येचा धोका या आजारात मोठा असतो, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, आणि मरणाची भाषा आली तर ती हलकी घ्यायची नाही. आणि हे रुग्ण हिंसक असतात हा समज तेवढाच चुकीचा. बहुसंख्य रुग्ण कोणाला इजा करत नाहीत. त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता जास्त असते.

कायदा काय म्हणतो

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. आपल्या कामाच्या काही गोष्टी सांगते.

नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक रूढी मानत नाही, एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी उपचार झाले होते, एवढ्यावरूनही आज आजारी म्हणता येत नाही. आणि आजार आहे म्हणून माणूस कायद्याने 'वेडा' ठरत नाही. तो निर्णय फक्त न्यायालय देऊ शकतं. नवऱ्याने जुनी चिठ्ठी फडकावली तर हे आठवा.

मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर नुसता नवऱ्याचा शब्द चालत नाही. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, आणि बाई असेल तर ३ दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. त्याविरुद्ध दाद मागता येते. तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून तोडता येत नाही. सक्तीने केस कापता येत नाहीत, पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू द्याव्याच लागतात. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. आपल्या राज्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

आणखी एक तरतूद आपण वापरायलाच हवी. प्रत्येक सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. तो नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण, मैत्रीण, तुमच्यापैकी कोणीही चालेल. बरी असताना बाईने हे करून ठेवलं तर आजारपणात तिच्या वतीने कोण बोलणार, हे सासरचे ठरवणार नाहीत. तसंच तिला घरच्यांनी टाकलं, तर राहत्या घरावरचा तिचा हक्क मिळवून द्यायला मदत करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

लग्नाबद्दल. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्यात स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. पण १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. आजार इतका तीव्र असला पाहिजे की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येणार नाही. हे आपल्या वकिलांनाही सांगावं लागतं.

सांभाळतं कोण?

मुलगा आजारी पडला की म्हणतात, लग्न करा, सुधारेल. म्हणजे कुठल्या तरी गरीब घरची मुलगी त्याची बिनपगारी परिचारिका म्हणून आणायची, बहुतेकदा न सांगता. सून आजारी पडली की तिला माहेरी सोडतात. आणि माहेरी तिला सांभाळते तिची आई, मग बहीण. दोन्हीकडे सांभाळणारी बाईच. तिची नोकरी सुटते, कंबर मोडते, आणि रात्री ती विचार करते, माझ्यानंतर हिचं काय?

संशोधनातून एक गोष्ट वारंवार दिसली आहे. ज्या घरात रुग्णावर सतत टीका, राग किंवा अति काळजीचा मारा होतो, तिथे आजार लवकर उलटतो. पण हे सांगून आईवर आणखी एक ठपका ठेवायचा नाही. चोवीस तास एकटीने सांभाळणारी बाई चिडणारच. तिला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या, भावाने दवाखान्याच्या खेपा वाटून घेतल्या, तर घरातला आवाज आपोआप खाली येतो.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण आणि नातेवाइकांचे गट चालवले. २००४ चा 'देवराई' हा मराठी सिनेमा पुष्कळ घरांत या विषयावर पहिल्यांदा बोलणं सुरू करून गेला. तो गटात दाखवा, आणि मग भावाला सांभाळणाऱ्या त्या बहिणीबद्दल बोला.

आता प्रत्येक केंद्राकडे माझं मागणं आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, ते फळ्यावर लिहून ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक त्याच्या शेजारी लिहा; तो २०२२ पासून चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, दाखला काढायला एकीने बाईबरोबर जा. प्रतिनिधी नेमण्याचा कागद किमान एका बाईसाठी या तिमाहीत करून बघा. महिन्यातून एकदा सांभाळणाऱ्या बायकांना एकत्र बसवा. आणि आजारी बायकांनाही आपल्या बैठकीत जागा द्या, केस म्हणून नको, सभासद म्हणून.

माझ्या बहिणीने तुम्हाला विचारायला सांगितलं आहे, की पुढच्या शिबिरात ती स्वतः बोलली तर चालेल का. तिला उत्तर तुम्हीच कळवा.